पाण्याखालचा श्वास आणि बॉईलचा नियम

(सावली येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सावलीत समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांविषयी बोलावयाचे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु पाणी या तालुक्याला परके नाही. पूर्वेला वैनगंगा वाहते. ब्रिटिश अमदानीत बांधलेला आसोला मेंढा तलाव याच तालुक्यात असून गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याची आज त्याला जोड मिळालेली आहे. गावोगावी मालगुजारीच्या काळातील तलाव आहेत, धानाच्या बांध्यांना पाणी पुरविणाऱ्या बोड्या आहेत. ढीवर बांधवांच्या कित्येक पिढ्या या पाण्यावर जगल्या. येथील मुलगा वर्गात 'दाब' हा शब्द ऐकण्यापूर्वीच तलावाच्या तळाशी जाऊन मूठभर चिखल वर आणून दाखवितो, आणि खोल गेल्यावर कान दुखू लागतात हेही त्याला ठाऊक असते.

हाच मुलगा पुढे विज्ञानाच्या तासाला वायूचा दाब आणि आकारमान यांचे सूत्र पाठ करतो, उदाहरण सोडवितो, गुणही मिळवितो. परंतु तलावातील कानदुखी आणि फळ्यावरील सूत्र ही एकच गोष्ट आहे, असे त्याला सहसा कोणी सांगत नाही. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच सावलीत भरले होते आणि त्यासाठी महात्मा गांधी येथे येऊन राहिले होते. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला. अनुभवापासून तुटलेले ज्ञान उपयोगी पडत नाही, हा त्या विचाराचा गाभा होता. वायूंचा नियम शिकवितानाही तो लक्षात ठेवावयास हवा. कारण हा नियम न समजल्याची किंमत पाण्याखाली कधी कधी प्राणांनी मोजावी लागते.

एक कोडे

वर्गात प्रारंभ सूत्राने न करता एका कोड्याने करावा, असे मी सुचवीन. आपल्या गावचा पट्टीचा पोहणारा छातीभर श्वास घेतो, पाच मीटर खोल पाण्यात सूर मारतो, श्वास रोखून धरतो आणि तसाच वर येतो. त्याच्या छातीला काहीही इजा होत नाही. आता मालवणच्या समुद्रात पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून तितक्याच खोलीवर गेलेला पर्यटक घ्या. त्याच्याजवळ भरपूर हवा आहे. काही कारणाने तो घाबरतो, सिलिंडरमधून घेतलेला शेवटचा श्वास घट्ट रोखून धरतो आणि झपाट्याने वर येतो. या माणसाची फुप्फुसे फाटू शकतात आणि तो दगावूही शकतो. खोली तीच, श्वास रोखणे तेच. मग हवेचा साठा नसलेला सुखरूप आणि साठा बाळगणारा संकटात, असे का व्हावे?

विद्यार्थ्यांना या प्रश्नावर भांडू द्यावे. कोणी सिलिंडरच्या ओझ्याला दोष देईल, कोणी समुद्राच्या खारेपणाला. त्यानंतर शिक्षकाने नियमाकडे वळावे.

दहा मीटरांचा हिशेब

रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने एका बाजूने बंद असलेल्या वाकड्या काचनळीत पारा ओतून कोंडलेल्या हवेचे मापन केले आणि आपले निष्कर्ष १६६२ मध्ये प्रसिद्ध केले. तापमान स्थिर असताना ठराविक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मे होते आणि दाब निम्मा झाला की आकारमान दुप्पट होते.

आता पाण्याकडे या. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. ७६ ला १३.६ ने गुणले की सुमारे १,०३४ सेंटिमीटर, म्हणजे १०.३ मीटर येतात. व्यवहारासाठी आपण दहा मीटर धरू. दहा मीटर पाण्याचे वजन आपल्या डोक्यावरील संपूर्ण वातावरणाच्या वजनाएवढे भरते. शेतकऱ्याला हा आकडा वेगळ्या रूपाने परिचित आहे. काठावर बसविलेला पंप सहा-सात मीटरांच्या पलीकडे पाणी धड उचलीत नाही, म्हणून तो विहिरीत खाली उतरवून बसवावा लागतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणत असलो, तरी पाण्याला वर ढकलणारा दाब बाहेरच्या हवेचा असतो आणि त्या दाबाची धाव दहा मीटरांपाशी संपते.

येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. पृष्ठभागावर पाण्याचा दाब शून्य म्हणून तेथील एकूण दाबही ते शून्य धरतात. पृष्ठभागावर वातावरणाचा एक दाब आधीच असतो. म्हणून दहा मीटरांवर दोन, वीस मीटरांवर तीन आणि तीस मीटरांवर चार वातावरणे असा हिशेब होतो. पृष्ठभागावर बारा लिटर हवा भरलेला फुगा खाली नेला, तर दहा मीटरांवर तो सहा लिटरांचा, वीसवर चार लिटरांचा आणि तीसवर तीन लिटरांचा होईल. या चार आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तीस मीटरांवरून वीस मीटरांवर येताना हवा एक-तृतीयांशाने वाढते. परंतु शेवटच्या दहा मीटरांत ती थेट दुप्पट होते. म्हणजे सर्वांत मोठा बदल पृष्ठभागाजवळ घडतो. उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी, ही आपली समजूत येथे खोटी ठरते.

कोड्याचा उलगडा

गावच्या पोहणाऱ्याने पृष्ठभागावर सहा लिटर हवा छातीत घेतली, असे समजा. पाच मीटर खोलीवर दाब दीडपट होतो आणि त्या हवेचे आकारमान चार लिटर होते. वर येताना चाराचे पुन्हा सहा होतात. फुप्फुसांना त्यांच्या मूळ मापापलीकडे ताण बसतच नाही.

पर्यटकाचा हिशेब निराळा आहे. सिलिंडरला जोडलेले यंत्र त्याला भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देते. अन्यथा त्याला श्वास घेताच येणार नाही. म्हणून पाच मीटर खोलीवर त्याच्या छातीत पूर्ण सहा लिटर हवा भरते, पण ती दीडपट दाबाची. श्वास रोखून तो वर आला की या हवेला नऊ लिटर जागा हवी असते आणि छाती तर सहा लिटरांतच भरलेली. फुप्फुसांतील नाजूक वायुकोश फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि ते मेंदूपर्यंत पोहोचले तर माणूस वर येताच बेशुद्ध पडू शकतो. छाती पूर्ण भरलेली असेल तर एक-सव्वा मीटर खोलीवरून श्वास रोखून वर येणेही घातक ठरू शकते. यास्तव सिलिंडर वापरणाऱ्याला पहिला धडा दिला जातो तो हा की, पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये. संथपणे वर यावे आणि श्वासोच्छ्वास चालू ठेवावा.

हा धोका सिलिंडरशीच बांधलेला आहे असे मात्र मानू नये. हवा पाण्याखाली घेतलेली असली की नियम लागू होतो. पालथी बादली पाण्याखाली नेऊन तिच्यातील हवेचा श्वास घेणाऱ्या खोडकर मुलाला तो लागू होतो. पुरात बुडालेल्या वाहनाच्या टपाखाली कोंडलेल्या हवेवर तग धरून राहिलेल्या माणसालाही लागू होतो. अशा माणसाने बाहेर पडून वर येताना तोंडाने हळूहळू हवा सोडीत यावे. हे एक वाक्य नदीकाठच्या प्रत्येक शाळेत शिकविले जावे.

नळीने श्वास घेण्याचा मोह

पोकळ बोरू तोंडात धरून पाण्याखाली लपून बसलेल्या वीराच्या गोष्टी मुलांनी ऐकलेल्या असतात. त्या गोष्टी गणितात बसतात का, हे तपासून पाहावे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम असतो. छातीचा पुढचा भाग एक हजार चौरस सेंटिमीटर धरला, तर तिच्यावर शंभर किलोग्रॅमचा, म्हणजे धानाच्या एका क्विंटलचा भार पडतो. नळीतून येणारी हवा मात्र साध्या वातावरणीय दाबाची असते. ती या भाराला आतून तोलून धरीत नाही. श्वासाचे स्नायू थोड्याच वेळात थकतात. लांब नळी लावून खोल पाण्यात बसता येईल ही कल्पना म्हणूनच निराधार आहे.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून विहिरीत वा तलावात उतरणे. ते यंत्र माणसाच्या श्वासासाठी बनविलेले नसते. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि तेलाचा अंश त्या हवेत मिसळू शकतो. दहा मीटरांवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, म्हणजे विषही दुप्पट जाते. शिवाय यंत्र मध्येच बंद पडले आणि माणूस श्वास रोखून वर धावला, तर मघाचाच हिशेब पुन्हा उभा राहतो.

पाण्याच्या दाबाइतकीच हवा, आणि तीही मागेल तेव्हाच, देणारे सुटसुटीत यंत्र झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी १९४३ मध्ये सिद्ध केले. त्यातून गणिताचे उत्तम उदाहरण तयार होते. बारा लिटरांच्या सिलिंडरमध्ये २०० वातावरणे दाबाने हवा भरली, तर ती साध्या दाबाला २,४०० लिटर होते. मिनिटाला २५ लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर ९६ मिनिटे पुरेल. दहा मीटरांवर ती ४८, वीस मीटरांवर ३२ आणि तीस मीटरांवर २४ मिनिटेच पुरेल. असे उदाहरण एकदा सोडविलेला विद्यार्थी व्यस्त प्रमाण विसरत नाही.

सोड्याची बाटली आणि पाणबुड्याचे रक्त

दाबाचा दुसरा धोका हळूहळू प्रकट होतो. सोड्याच्या बाटलीतील गोळी आत ढकलली की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो. खोल पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्या पाणबुड्याच्या रक्तात आणि मांसपेशींत हवेतील नायट्रोजन असाच अधिक विरघळतो. तो एकदम वर आला तर त्याच्या शरीरातच बुडबुडे धरतात. सांधे असह्य दुखतात आणि मज्जारज्जूवर आघात झाल्यास पक्षाघात होतो.

हा रोग प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला तो पुलांच्या पायाभरणीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलासाठी नदीतळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत मजूर काम करीत. त्यांच्याबरोबर उतरणारे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये या व्याधीने अंथरुणास खिळले आणि त्यांच्या पत्नी एमिली यांनी त्यांचे आदेश कामावर पोहोचविण्याची जबाबदारी उचलली. पूल १८८३ मध्ये खुला झाला. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये या रोगाचे कारण नायट्रोजनचे बुडबुडे असल्याचे दाखविले. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दाबाचे कित्येक प्रयोग स्वतःच्या देहावर करून घेतले. ते १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

महाराष्ट्रालाही हा विषय दूरचा नाही. मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात १९७४ मध्ये तेल सापडले. त्या 'बॉम्बे हाय' क्षेत्रात पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर, म्हणजे तळाशी दाब सुमारे साडेआठ वातावरणे. अशा खोलीवर दीर्घ काम करावयाचे झाल्यास पाणबुड्यांना जहाजावरील बंद कक्षात त्याच दाबाखाली दिवसेंदिवस ठेवतात आणि काम संपल्यावर कित्येक दिवस घेऊन दाब उतरवितात. वायूच्या नियमाने माणसाचे वेळापत्रक ठरविल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

सहल मालवणला जाते तेव्हा

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाचे केंद्र उभारले आहे. आता चंद्रपूर-गडचिरोलीची मुलेही सिंधुदुर्ग किल्ला पाहावयास जातात आणि पाण्याखालचे जग पाहण्याचा हट्ट धरतात. त्यांना सरसकट नाही म्हणण्याचे कारण नाही. परंतु सहलप्रमुखाने काही गोष्टी आधी पाहाव्यात. प्रशिक्षक प्रमाणित असावा आणि पालकांची लेखी संमती असावी. सर्दी, दमा वा छातीचा विकार असलेल्या मुलाला उतरवू नये. कारण चोंदलेल्या कानात आणि आकसलेल्या श्वासनलिकेत हवा कोंडते, आणि कोंडलेली हवा बॉईलच्या नियमातून सुटत नाही. कान दुखताच पुढे न जाता थांबावे. पाण्यातून निघाल्यावर त्याच दिवशी विमानप्रवास करू नये. साधारणतः बारा ते अठरा तास जाऊ द्यावेत. उंच घाट चढणे हेही दाब कमी होण्याच्याच जातीचे आहे. म्हणून बुडी सकाळी आणि परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी, असा कार्यक्रम आखणे शहाणपणाचे.

विहिरीच्या काठावरची प्रयोगशाळा

शेवटी, आपल्या शाळांत काय करता येईल ते सांगतो. कोणत्याही मुलाला पाण्यात न उतरविता हे सारे शिकविता येते. सुई काढून टाकलेल्या सिरिंजमध्ये वीस मिलिलिटर हवा ओढावी, टोक बोटाने बंद करावे आणि दट्ट्या दाबावा. आकारमान दहापर्यंत आणताना बोटाला दाबाची जाणीव होते, आणि सोडताच दट्ट्या मागे येतो.

दुसरा प्रयोग विहिरीचा. एका टोकाने बंद असलेली पंधरा सेंटिमीटरांची परीक्षानळी घ्यावी. तिच्या आतल्या बाजूस लांब काडीने शाईची बारीक उभी रेघ ओढून ती वाळू द्यावी. नळीचे तोंड खाली राहील अशा बेताने तिला दगड बांधावा. खुणा केलेल्या दोराने ती कठडा असलेल्या विहिरीत शिक्षकाने स्वतः सोडावी आणि वर काढावी. खाली हवा आकसली की पाणी नळीत चढते आणि तेथपर्यंतची शाई धुतली जाते. वर येताना पाणी निघून जाते, पण पुसलेली रेघ साक्ष देते. दोन मीटर खोलीवर सुमारे अडीच सेंटिमीटर, पाच मीटरांवर पाच आणि दहा मीटरांवर साडेसात सेंटिमीटर रेघ पुसलेली आढळेल. विहिरीचे पाणी थंड असल्याने आकड्यांत किंचित फरक पडेल. तो का पडला, हाही एक चांगला प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी समुद्राची खोली मोजण्यासाठी याच तत्त्वावरील रासायनिक लेप दिलेली काचनळी वापरात आणली होती. तिचेच हे गावठी रूप आपल्या शाळेत जवळजवळ विनाखर्च होते.

ग्रामपंचायत सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे. प्रत्येक मोठ्या तलावाशी आणि नदीघाटाशी लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम ठेवावी. कोणी बुडाल्यास प्रथम काठावरून दोर वा ट्यूब फेकावी. खोल पाण्यातील शोधासाठी प्रशासनामार्फत राज्य आपत्ती प्रतिसाद दलासारखी प्रशिक्षित पथके बोलवावीत. कॉम्प्रेसरची नळी देऊन गावातील धाडसी तरुणाला खाली पाठवू नये; त्यातून एकाऐवजी दोन घरे उजाड होण्याचा संभव असतो.

शिक्षक बंधुभगिनींना इतकेच सांगावयाचे की, पुढील चाचणीत नियमाची व्याख्या विचारावी, पण तिच्यापुढे एक प्रश्न जोडावा: तलावात सूर मारणारा आणि सिलिंडर घेऊन उतरणारा, यांपैकी श्वास रोखून वर येणे कोणाला घातक, आणि का? ज्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर आकड्यांनिशी देता येईल, त्याला नियम समजला असे खुशाल मानावे.